जीसीएनवरील आइसक्यूबची न्यूट्रिनो-सूचना : एकोणीस महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय एका मोफत सेवेबद्दल आहे. नासाचे ‘जनरल कोऑर्डिनेट्स नेटवर्क’, म्हणजे जीसीएन, ही आकाशात अचानक घडणाऱ्या घटनांची खबर जगभरच्या वेधशाळांना पोहोचवणारी यंत्रणा आहे. तिच्यावरून निघणाऱ्या अनेक सूचना-मालिकांपैकी एक मालिका दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब वेधशाळेची आहे. लायगो, व्हर्गो आणि काग्रा या शोधकांना गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशकाळातील तरंगांचा, संकेत मिळाला की त्या क्षणाच्या मागेपुढे, आकाशाच्या त्याच भागातून एखादा न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्यातून जवळजवळ विनाअडथळा जाणारा सूक्ष्म कण, आला होता काय, हे आइसक्यूब तपासते आणि निकाल या मालिकेतून कळवते. एप्रिल २०२४ मध्ये लायगोच्या चौथ्या निरीक्षण-सत्राचा दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा मी ही मालिका घेऊ लागलो आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ते सत्र संपेपर्यंत ती नियमाने वाचत राहिलो. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, आणि पी-मूल्य (दिसलेली गोष्ट निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ही गोष्ट पाठ्यपुस्तकाबाहेर रोजच्या कामात कशी वापरली जाते हे मुलांना दाखवण्यासाठी मला खरी, ताजी, कोणीही हाताळून गुळगुळीत न केलेली उदाहरणे हवी होती. ती या मालिकेत भरपूर मिळाली, आणि काही अडचणीही दिसल्या. दोन्हींची नोंद येथे करतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत अखेर एकरूप होतात तेव्हा गुरुत्वीय लहरी निघतात, आणि बऱ्याचदा मागे उरलेल्या वस्तूतून प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणारा द्रव्याचा झोत सुटतो असे मानले जाते. त्या झोतात प्रोटॉन प्रचंड ऊर्जेला पोहोचले आणि तेथील प्रकाशकणांवर आदळले, तर पायॉन नावाचे अल्पायुषी कण निर्माण होतात आणि पायॉनांच्या क्षयातून न्यूट्रिनो बाहेर पडतात. प्रकाश भोवतालच्या द्रव्यात अडकून राहू शकतो; न्यूट्रिनोला तसा अडथळा जवळजवळ नसतो. म्हणून विलीनीकरणाच्या वेळी न्यूट्रिनो सापडला, तर झोताच्या आत काय चालले होते याचा तो थेट पुरावा ठरेल. शिवाय त्याचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. गुरुत्वीय लहरींवरून स्रोताची दिशा फार ढोबळ कळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सापडलेल्या पहिल्या संकेताचा शोध-नकाशा सुमारे ६०० चौरस अंशांचा होता, म्हणजे पूर्ण चंद्राच्या बिंबाच्या तुलनेत सुमारे तीन हजार पट. उलट आइसक्यूबच्या बर्फात न्यूट्रिनोच्या धडकेतून निघालेल्या म्यूऑन या कणाने काढलेला लांब माग मिळाला तर त्याची दिशा बहुधा एका अंशाच्या आसपास अचूक कळते. नकाशा मोठा, न्यूट्रिनो नेमका. दोन्ही एकाच घटनेचे असतील तर दुर्बिणींनी कोठे पाहावे हा प्रश्न काही मिनिटांत सुटतो.

अशी जुळणी आजवर एकदाही निर्विवादपणे सापडलेली नाही. ही गोष्ट प्रथमच सांगितलेली बरी, कारण मालिका घेणाऱ्याने कोणत्या अपेक्षेने बसावे हे त्यावर ठरते. एकोणीस महिने मी प्रामुख्याने ‘लक्षणीय काही आढळले नाही’ या वाक्याची निरनिराळी रूपे वाचली. तरीही ही सेवा मला उपयुक्त वाटली, कारण हा नकार ती अतिशय काटेकोरपणे मोजून देते.

नोंदणी सोपी आहे. जीसीएनच्या संकेतस्थळावर खाते उघडायचे, स्वतःसाठी एक ओळखक्रमांक आणि गुप्त किल्ली तयार करून घ्यायची, हव्या त्या मालिका निवडायच्या, आणि संकेतस्थळच पायथनमधील दहा-बारा ओळींचा नमुना प्रोग्रॅम हातात देते. तो आपल्या संगणकावर चालवला की काफ्का या प्रणालीवरून सूचना येऊ लागतात. प्रोग्रॅम लिहिण्याची सवय नसेल तर ई-मेलची सोय आहे, आणि शास्त्रज्ञांनी स्वतः लिहिलेली सर्क्युलरे तर खाते न उघडताही वाचता येतात. माझ्या घरी हा प्रोग्रॅम एका जुन्या लॅपटॉपवर चालू होता. पहिल्याच रात्री फोन दर तासाला वाजत राहिला. मी प्रत्येक वेळी उठून पाहिले आणि दर वेळी एक नवे विलीनीकरण झाल्याचे वाचून चकित झालो. सकाळी उलगडा झाला. यंत्रणा ठीक चालते की नाही हे तपासण्यासाठी लायगोकडून दर तासाला एक लुटुपुटीची सूचना सोडली जाते, तिचे नाव ‘एमएस’ने सुरू होते, आणि ती गाळून टाकणारी ओळ प्रोग्रॅममध्ये हवी होती. मीच ती घातली नव्हती.

आता मूळ वस्तूकडे, म्हणजे नोटिशीकडे. तिसऱ्या निरीक्षण-सत्रात, २०१९-२० मध्ये, आइसक्यूबचे निकाल प्रामुख्याने सर्क्युलरांतून, म्हणजे माणसाने वाचावयाच्या इंग्रजी परिच्छेदांतून येत. चौथ्या सत्रात हे काम यंत्राने वाचावयाच्या जेसन नोटिशीकडे आले. नोटीस दिसायला अगदी रुक्ष आहे. कोणत्या गुरुत्वीय घटनेबद्दल ती आहे, निरीक्षणाची खिडकी केव्हा सुरू झाली आणि केव्हा मिटली, त्या काळात वेधशाळा प्रत्यक्ष किती सेकंद जागी होती, किती न्यूट्रिनो जुळले, त्यांची दिशा आणि वेळ, दोन पी-मूल्ये, आणि शेवटी त्या नकाशाच्या प्रदेशात आइसक्यूबची संवेदनशीलता किती होती त्याचा पल्ला. एवढेच.

यातील ‘प्रत्यक्ष किती सेकंद जागी’ हा रकाना मला सर्वांत आवडला. पाहिले आणि दिसले नाही, आणि पाहिलेच नाही, या दोन गोष्टींतील फरक आपल्याकडच्या कित्येक सरकारी सर्वेक्षणांच्या तक्त्यांतही स्पष्ट केलेला नसतो. येथे तो प्रत्येक नोटिशीत सेकंदांत लिहिलेला असतो. आइसक्यूब ९९ टक्के किंवा त्याहून अधिक वेळ चालू असते, त्यामुळे हा आकडा बहुधा पूर्ण १,००० असतो. तरीही तो लिहिला जातो, हे महत्त्वाचे.

हे १,००० सेकंद कोठून आले, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. विलीनीकरणाच्या क्षणाआधी ५०० आणि नंतर ५०० सेकंद अशी ही खिडकी आहे. गॅमा-किरण स्फोटांमध्ये केंद्रातील इंजिन किती काळ चालते, झोत बाहेर पडायला किती वेळ घेतो, मुख्य स्फोटाआधीची पूर्वसूचक चमक किती आधी दिसू शकते, या सर्वांचा विचार करून २०११ मध्ये हा सावध अंदाज मांडण्यात आला आणि नंतर तोच रूढ झाला. पहिल्या गुरुत्वीय संकेताच्या वेळी आइसक्यूब आणि भूमध्य समुद्रातील अँटारेस ही न्यूट्रिनो-वेधशाळा या दोघांनी हीच खिडकी वापरली होती. तेव्हा आइसक्यूबला तीन कण मिळाले, अँटारेसला एकही नाही, आणि त्या तिघांपैकी कोणाचीही दिशा लायगोच्या नकाशाशी जुळली नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की खिडकी आधी ठरलेली आहे आणि घटना नंतर घडते. निकाल पाहून खिडकी सरकवण्याचा मोह होऊ नये याची तजवीज आधीच झालेली आहे.

आता दोन पी-मूल्यांकडे येतो. या सेवेचे बळ आणि तिची अडचण दोन्ही येथेच आहेत.

पहिले मूल्य सर्वसाधारण शोधाचे. स्रोत कोणत्या प्रकारचा आहे याबद्दल काहीही गृहीत न धरता, गुरुत्वीय नकाशाच्या आत एका बिंदूसारख्या स्रोतातून न्यूट्रिनो आले असावेत असे मानून, मिळालेले माग नेहमीच्या पार्श्वभूमीशी सुसंगत आहेत की नाहीत हे हा शोध तपासतो. दुसरे मूल्य बेझच्या पद्धतीचे. त्यात दोन वस्तूंचे विलीनीकरण झाले आहे असे गृहीत धरून स्रोताचे अंतरही हिशेबात घेतले जाते. जवळच्या स्रोताकडून न्यूट्रिनो दिसण्याची शक्यता अधिक, म्हणून त्याला अधिक वजन. दोन्ही पद्धती वाजवी आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, त्यामुळे एकाच घटनेत आकडे वेगळे पडतात. वापरणाऱ्याने त्यांतील लहान आकडा उचलून त्यावर हर्ष मानू नये. वेधशाळा दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापते आणि निवड आपल्यावर सोडते, हा प्रामाणिकपणा झाला; मात्र निवड करावयाचीच नाही, दोन्ही वाचावयाचे आहेत, हे नव्या वाचकाला नोटिशीवरून कळत नाही.

उदाहरण म्हणून २८ जुलै २०१९ ची घटना घ्यावी. तिचे तात्पुरते नाव एस१९०७२८क्यू. पुढे ती दोन कृष्णविवरांचे विलीनीकरण म्हणून अधिकृत यादीत गेली. तिच्या नकाशाशी जुळणारा एक माग आइसक्यूबला मिळाला, विलीनीकरणाच्या सहा मिनिटे आधीचा. दोन्ही पद्धतींची पी-मूल्ये साधारण एक टक्क्याच्या घरात होती, आणि सर्क्युलर निघताच काही दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. हे उदाहरण मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि विचारतो की शंभरात एकदा घडणारी गोष्ट घडली, आता काय म्हणाल? मुले बहुधा उत्साहाने म्हणतात, सापडला. मग मी पुढचा आकडा लिहितो. त्या सत्रात लायगो-व्हर्गोने ८० सार्वजनिक सूचना दिल्या होत्या, त्यांपैकी २४ मागे घेतल्या गेल्या आणि ५६ टिकल्या. शंभरात एकदा घडणारी गोष्ट ५६ वेळा करून पाहिली तर ती निदान एकदा घडण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के आहे. नाणे उडवण्याइतकीच म्हणा. शिवाय दोन कृष्णविवरांच्या भोवती झोत निर्माण करायला पुरेसे द्रव्य असणे ही मुळातच विरळ शक्यता. एखाद्या सक्रिय दीर्घिकेच्या केंद्राभोवतीच्या तबकडीत ती दोघे असतील तर गोष्ट वेगळी. आइसक्यूबने त्या सत्राचा समग्र आढावा नंतर प्रसिद्ध केला तेव्हा लक्षणीय असे काही उरले नाही.

सर्क्युलरात ही सावधगिरी लिहिलेली असते. दिलेली मूल्ये या एकाच नकाशापुरती आहेत आणि अनेक घटना तपासल्याची भरपाई त्यांत केलेली नाही, असे त्यात म्हटलेले असते. जेसन नोटीस मात्र एकेका घटनेपुरतीच बोलते. आजवर किती घटना तपासल्या हा संदर्भ तिच्यात नसतो, तो आपण ठेवावयाचा. चौथ्या सत्रात गुरुत्वीय संकेतांची संख्या सुमारे अडीचशेवर गेली. म्हणजे न्यूट्रिनोंचा आणि या घटनांचा काडीचाही संबंध नसला तरी एक टक्क्याखालची दोन-तीन मूल्ये केवळ योगायोगाने पडावीत. माझ्या पहिल्या महिन्यात एका नोटिशीतील आकडा पाहून मी रात्री अकरा वाजता एका सहकाऱ्याला फोन केला होता. ते भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, ही कितवी नोटीस?” संख्याशास्त्राच्या शिक्षकाने तो प्रश्न भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडून ऐकावा हे लाजिरवाणे होते. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक नोटिशीला क्रमांक टाकू लागलो. ही मालिका घेणाऱ्या कोणालाही माझा पहिला सल्ला हाच राहील की प्रोग्रॅम चालू करण्याआधी वही आणावी.

योगायोग किती स्वस्त असतो हे नकाशाच्या आकारावरूनही काढता येते, आणि हा हिशेब नववीतला विद्यार्थीही करू शकेल. तत्काळ विश्लेषणासाठी आइसक्यूब जे माग वापरते ते संपूर्ण आकाशातून १,००० सेकंदांत साधारण सहा-सात येतात, आणि त्यांतील बहुतेक सर्व पृथ्वीच्याच वातावरणात वैश्विक किरणांमुळे जन्मलेले असतात. संपूर्ण आकाश सुमारे ४१,२५३ चौरस अंशांचे. लायगोचा नकाशा ६०० चौरस अंशांचा असेल तर एखादा भटका माग त्यात पडण्याची शक्यता दहात जेमतेम एक. ऑगस्ट २०१९ मधील जीडब्ल्यू१९०८१४ या घटनेचा नकाशा सुमारे २० चौरस अंशांपर्यंत आकसला होता. तेथे हीच शक्यता हजारात तीन-चार. उलट त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे दुसरे विलीनीकरण सापडले तेव्हा व्यवहारात लायगोच्या एकट्या लिव्हिंग्स्टन येथील शोधकावर भिस्त होती आणि नकाशा आठ हजार चौरस अंशांहून मोठा, म्हणजे आकाशाचा पाचवा हिस्सा. अशा नकाशात सरासरीने एकाहून अधिक माग विनासायास पडतात. तेव्हा ‘जुळलेले न्यूट्रिनो : १’ या ओळीला स्वतंत्रपणे काही अर्थ नाही. पी-मूल्य काढताना नकाशाचा हा पसारा आपोआप धरला जातो, म्हणून वाचावे ते पी-मूल्यच. जुळलेल्यांची संख्या पाहून घाई करू नये.

वातावरणात जन्मणाऱ्या या न्यूट्रिनोंबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांची जगातील पहिल्या नोंदींपैकी एक १९६५ मध्ये कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने झाली होती. तेव्हा ते कण मोजूनमापून थोडेच मिळाले आणि तो मोठा शोध ठरला. आज आइसक्यूबला तेच कण वर्षाला लाखाच्या घरात मिळतात आणि या नोटिशीच्या भाषेत त्यांना ‘पार्श्वभूमी’ म्हणतात.

संवेदनशीलतेचा रकाना बहुतेक वाचक सोडून देत असावेत, पण त्यात वेधशाळेची सारी भूगोलविद्या सामावलेली आहे. आइसक्यूब म्हणजे बर्फात १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर, ८६ तारांना लटकवलेले ५,१६० प्रकाशसंवेदक. एक घन किलोमीटर बर्फ हीच तिची दुर्बीण. उत्तर आकाशातून येणारे कण तिला संपूर्ण पृथ्वी ओलांडून मिळतात, आणि वाटेत पृथ्वी न्यूट्रिनोखेरीज सर्व काही गाळून टाकते. दक्षिण आकाश मात्र तिच्या डोक्यावर आहे, तेथून वातावरणातील म्यूऑनांचा पाऊस पडत असतो, आणि त्यातून खरा न्यूट्रिनो वेगळा काढण्यासाठी फार वरच्या ऊर्जेचे कणच घ्यावे लागतात. परिणामी नोटिशीतील हा पल्ला एका चौरस सेंटिमीटरमागे ०.०३ जीईव्हीपासून १ जीईव्हीपर्यंत (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचे एकक), म्हणजे तीसएक पटीने बदलू शकतो. उत्तरेतील घटनेबद्दलचा ‘नाही’ आणि दक्षिणेतील घटनेबद्दलचा ‘नाही’ हे एकाच वजनाचे नकार नाहीत. हा रकाना वाचल्याशिवाय नोटीस वाचली असे म्हणू नये.

१७ ऑगस्ट २०१७ च्या प्रसिद्ध घटनेत हेच घडले. दोन न्यूट्रॉन तारे एकरूप झाले, १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा-किरणांची चमक दिसली, आणि त्यानंतर काही तासांतच एनजीसी ४९९३ या सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत प्रकाशही सापडला. पुण्याजवळच्या खोडद येथील जीएमआरटीसह कितीतरी दुर्बिणींनी पुढे महिनोन्‌महिने तिचा माग घेतला. न्यूट्रिनो मात्र ना १,००० सेकंदांत मिळाला, ना पुढच्या १४ दिवसांत. पण ती दीर्घिका वासुकी तारकासमूहात, दक्षिण आकाशात आहे, म्हणजे आइसक्यूबच्या दुबळ्या बाजूला. अर्जेंटिनातील पिएर ओझे वेधशाळेच्या दृष्टीने ती त्या वेळी क्षितिजाच्या किंचित खाली, म्हणजे नेमक्या सोयीच्या जागी होती. तेथेही काही मिळाले नाही. झोताचा रोख आपल्याकडे नव्हता, आपण त्याला बाजूने पाहत होतो, हे नंतर रेडिओ निरीक्षणांवरून स्पष्ट झाले आणि न्यूट्रिनोंचे मौन त्याच्याशी सुसंगतच ठरले. ‘नाही’ या उत्तरातूनही झोताच्या ऊर्जेवर वरची मर्यादा घालता येते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

वेगाबद्दल तक्रार करण्याआधी एक गणित करावे. गुरुत्वीय घटनेची पहिली स्वयंचलित सूचना चौथ्या सत्रात अर्ध्या मिनिटाच्या आसपास येत असे. न्यूट्रिनोचा निकाल मात्र आठ मिनिटे वीस सेकंदांच्या आत येऊच शकत नाही, कारण खिडकीच तेव्हा मिटते. दक्षिण ध्रुवावरून उपग्रहामार्फत माहिती उत्तरेकडे येणे आणि विश्लेषण होणे हा वेळ त्याच्यावर. एवढी वाट पाहणे वाजवी आहे. त्यानंतर गुरुत्वीय नकाशा सुधारला गेला की न्यूट्रिनोचा शोधही नव्या नकाशावर पुन्हा होतो, त्यामुळे एकाच घटनेच्या दोन-तीन नोटिसा येतात आणि त्यांतील मूल्ये बदलतात. वहीत मी जुना आकडा खोडत नाही, त्याच्या खाली नवा लिहितो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मात्र घटनेच्या नावावरून नोटिसा एकत्र बांधण्याची सोय आधीच करून ठेवावी, नाहीतर एकच घटना तीनदा मोजली जाईल.

याच कामाच्या इतर सेवांशी तुलना थोडक्यात करतो. जपानमधील सुपर-कामिओकांडे ही ५०,००० टन पाण्याची वेधशाळाही गुरुत्वीय घटनांच्या आसपासचे न्यूट्रिनो तपासते, पण तिचे सामर्थ्य कमी ऊर्जेच्या कणांत आहे. तसे कण सूर्यमालेबाहेरून मिळाल्याचे गाजलेले उदाहरण फेब्रुवारी १९८७ मधील अतिनवताऱ्याचे. तो आपल्यापासून १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर होता, आणि तरी तीन वेधशाळांना मिळून दोन डझनांच्या आसपास कण मिळाले. १३ कोटी प्रकाशवर्षांवर तोच प्रवाह सहा लाख पट विरळ होतो. म्हणून दूरच्या विलीनीकरणांसाठी भिस्त जास्त ऊर्जेच्या न्यूट्रिनोंवर, आणि त्यासाठी सध्या आइसक्यूबच्या जोडीला भूमध्य समुद्रातील केएम३नेट उभी राहत आहे. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळच्या तिच्या अपुऱ्या बांधलेल्या शोधकाला सुमारे २२० पीईव्ही (एक पीईव्ही म्हणजे दहा लाख जीईव्ही) ऊर्जेचा कण मिळाला, तो आजवरचा सर्वांत ऊर्जावान न्यूट्रिनो मानला जातो. ती उत्तर गोलार्धात असल्याने दक्षिण आकाश तिच्यासाठी पृथ्वीआडून गाळून येते. आइसक्यूबची जी बाजू दुबळी, तीच हिची सबळ. दोघींचे निकाल एकाच नोटिशीत येऊ लागले तर माझी वही निम्मी होईल.

नकाशे लहान होण्याची दुसरी वाट मराठवाड्यातून जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि पुण्याचे आयुका हे खगोलसंशोधन केंद्र त्या प्रकल्पातील एक प्रमुख केंद्र आहे. अमेरिकेतील दोन शोधकांपासून इतक्या दूर तिसरा शोधक उभा राहिला की संकेत पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून दिशा पुष्कळ नेमकी काढता येईल. वरच्या हिशेबात नकाशाचे क्षेत्र हा सरळ गुणक आहे. ते दसपट कमी झाले तर योगायोगाने पडणारे मागही दसपट कमी, आणि त्याच एका न्यूट्रिनोचे पी-मूल्य आपोआप अधिक बोलके.

उणिवा अशा. नोटीस यंत्रासाठी लिहिलेली आहे हे मान्य केले, तरी पी-मूल्याच्या शेजारी एक ओळ हवी होती, की हे मूल्य या एका घटनेपुरतेच आहे. रकान्यांचे अर्थ वेगळ्या पानावर दिलेले आहेत, ते शोधून वाचावे लागतात. सर्व काही इंग्रजीत आहे, हा दोष म्हणता येणार नाही, पण शाळेतल्या मुलांपर्यंत हे न्यायचे असेल तर मधला माणूस लागतो. केवळ आकाशात आज काय घडले याची हौस असणाऱ्याने ही मालिका घेऊ नये. त्याला गुरुत्वीय घटनांची सर्क्युलरे पुरेशी आहेत, आणि ती वाचायला अधिक रंजक. हौशी दुर्बीणधारकांनाही मी ती सुचवणार नाही, कारण बहुतेक घटना त्यांच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेरच्या असतात. संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांनी मात्र एक सत्र तरी ती घ्यावी. पूर्वनिश्चित चाचणी, खरी पार्श्वभूमी, दोन प्रतिस्पर्धी पद्धती आणि अनेक चाचण्यांचा सापळा, हे सर्व एका ठिकाणी, ताजे आणि फुकट मिळते. पाचपैकी गुण द्यावयाचे तर मी साडेचार देईन. अर्धा गुण त्या न लिहिलेल्या ओळीसाठी कापला आहे.

सत्र संपल्यापासून वहीत नवा क्रमांक पडलेला नाही. मागची काही पाने कोरी आहेत. प्रोग्रॅम मी बंद केलेला नाही. तो त्याच जुन्या लॅपटॉपवर चालू आहे, आणि ‘एमएस’ गाळणारी ओळ आता जागच्या जागी आहे.